पंचेचाळीस घटकांवर सिंगापूर

घटका अप्पांच्या ओट्याला कुणाचा पाय लागला, की "या, बसा" नाही. पहिला प्रश्न, "कुठून आलात?" आणि गावाचं नाव सांगून त्याचं तोंड मिटायच्या आत अप्पा ऐकवायचे, की विमानानं आला असतात तर किती वेळ लागला असता.

पट्टीश्वरमहून मीनाची नावाची भाजीवाली वांगी घेऊन यायची. डोक्यावरची पाटी उतरवायला कुणी हात द्यावा म्हणून ती बिचारी ओट्याशी थांबायची. अप्पा हात द्यायचे, नाही असं नाही. पण आधी गणित.

"पट्टीश्वरम् पाच मैल. तुझ्या चालीनं पाच घटका. विमानानं किती? साडेसात पळं!"

"रायरे," मीनाची म्हणायची, "तुमचं विमान वांगी घेणार का? नाही ना? मग पाटी उतरवा. मान मोडतेय माझी."

तिरुप्पनंदाळच्या मठाचा एक कारकून एकदा उन्हातून पाणी मागायला टेकला होता. साडेसोळा पळांचं गणित, तेही मैलांच्या फोडीसकट ऐकावं लागेल हे पाहून तो तहानेलाच उठून गेला. अप्पांना वाटलं, त्याला घाई असेल.

अप्पांचं खरं नाव विठ्ठलराव. आमच्या तंजावरी मराठी घरांत ते घटका अप्पा, आणि तमिळ शेजाऱ्यांत नाळिगै रायर. नाळिगै म्हणजे घटकाच. आम्हां मराठी माणसांना इथं सरसकट रायर म्हणतात, मग घरात राज्य असो नाहीतर दोन पितळी डबे. त्यांचे पणजोबा तंजावरच्या वाड्यात घटिकापात्र सांभाळायचे. तांब्याची वाटी, बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक. घंगाळात सोडली की भरत भरत बरोबर एका घटकेला बुडते. बुडाली की घंटेचा टोला द्यायचा, तोच राजाचा वेळ, तोच गावाचा. पुढं राजे गेले, मागं मुलगा नाही म्हणून कंपनीनं राज्य घेतलं, आणि गोऱ्या साहेबाला वाड्यात वाटीची गरज उरली नाही. पणजोबा वाटी उपरण्यात गुंडाळून कुंभकोणम्‌ला आले. राज्य गेलं पण वेळ आमच्याकडेच आहे, असं त्या घरात तीन पिढ्या म्हणत आले.

अप्पांच्या ओट्यावर ते घंगाळ आणि ती वाटी अष्टौप्रहर. वाटी बुडाली की अप्पा "घटका!" म्हणून ओरडायचे. स्टेशनातली गाडी वेळेवर आली तर म्हणायचे, "आज गाडी माझ्याशी जुळली." उशिरा आली तर गाडीची कीव करायचे. जगातली प्रत्येक गोष्ट ते घटका-पळांत सांगायचे. साठ पळांची घटका, अडीच घटकांचा गोऱ्यांचा तास. वरण शिजायला दोन घटका. शेजारच्या सासूसुनेचं भांडण सव्वा घटका. मला एकदा म्हणाले, "चंपू, तू आत्ता एका दमात बारा पळं बोललीस. मध्ये श्वास घेतला नाहीस."

मी म्हटलं, "अप्पा, श्वास घेतला असता तर तुम्ही बोलला असतात."

मी त्यांची भिंतीला भिंत लागून शेजारीण. सतराव्या वर्षी भावाच्या घरी परत आले ती डोक्यावरून पदर घट्ट ओढूनच. पदराखाली काय नव्हतं ते सांगत बसत नाही. शाळा मला माहीत नाही. अक्षरं ओळखली पंचांगावरून, आणि आकडे शिकले ते भिंतीपलीकडून अप्पा मोठमोठ्यानं गणितं करायचे त्यावर. ते तिकडं घोकायचे, मी इकडं चिंचोके मांडायची. पुढं पुढं माझे चिंचोके त्यांच्या आधी उत्तराला पोचायला लागले. एकदा मायवरम गावाचं उत्तर मी भिंतीवरून आधीच सांगितलं, तर अप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या चार दिवसांच्या किती घटका झाल्या तेही पाचव्या दिवशी त्यांनीच सांगितलं.

आता या विमानाच्या वेडाचं मूळ.

अप्पांना एकच मुलगा, रघू. बायको लवकर गेली, रघूला त्यांनीच वाढवला. रघू शिकला, आणि सिंगापुरात एका रबराच्या पेढीत कारकून म्हणून जायला निघाला. नागपट्टणमला बोटीवर पोचवायला आम्ही पाचसहा जण गेलो होतो. रघूची नवी नवरी यमुनाही होती, पंधरा वर्षांची, सासरी येऊन तिला सव्वीस दिवस झाले होते. घर मिळालं की तिला बोलावून घेणार असं ठरलं होतं. बोट सुटली तशी ती माझ्या खांद्याशी येऊन हळूच म्हणाली, "अक्का, किती लांब चाललेत."

अप्पांनी ते ऐकलं. मागं वळले आणि म्हणाले, "लांब म्हणजे किती?"

पोरीनं पदर तोंडाशी धरला. काय बोलणार?

"लांब हा शब्द आळशी माणसाचा. अंतराला आकडा असतो. आकडा समजला की माणूस रडत नाही."

घरी आल्यावर त्यांनी हायस्कुलातल्या मास्तरांकडून जुन्या नकाशाच्या वहीतलं एक पान मिळवलं आणि अंतर मोजायला बसले. दोरा सापडेना. मग गळ्यातलं जानवंच काढून नकाशावर ताणलं. आमच्या गल्लीचे पुरोहित शास्त्रीबोवा नेमके तेव्हाच आले.

"शिव शिव! रायर, ब्रह्मसूत्रानं म्लेच्छांचा देश मोजता?"

"शास्त्रीबोवा, याची लांबी ठरलेली, ते लांबत नाही, सैल पडत नाही. याहून खरी दोरी माझ्या घरात दुसरी नाही."

दुसऱ्या दिवशी नवं जानवं घातलं, पण आकडा हातात आला होता. आमच्या ओट्यापासून सिंगापूर, समुद्रावरून सरळ रेघेत, अठराशे मैल. विमान तासाला शंभर मैल जातं हे गुळाच्या पुडीच्या कागदावर वाचलेलं. म्हणजे अठरा तास. म्हणजे पंचेचाळीस घटका.

"पंचेचाळीस घटका!" अप्पा यमुनेला म्हणाले. "पुरता एक दिवससुद्धा नाही गं. आज संध्याकाळी निघाला तर उद्या आमटीला फोडणी पडायच्या आत दारात."

असं सरळ विमान कुठलंच जात नव्हतं, आणि जाऊन रघूसारख्या कारकुनाला त्यात कोण बसवतंय? पण यमुना तेव्हापासून रडायची थांबली, हे खरं.

अप्पांनी स्वतः विमान पाहिलं एकदाच. कार्तिकातली सकाळ होती, ते विहिरीवर अंघोळीला बसले होते, आणि डोक्यावर घरघर झाली. अप्पा ओल्या पंच्यानिशी ओट्यावर धावले, वाटी उचलली, भोक पुसलं, घंगाळात सोडली, आणि वर पाहतात तो आभाळ मोकळं. सगळी गल्ली जमलेली. कुणीतरी विचारलं, "रायर, किती वेळ लागला?"

"वाटी ओली व्हायच्या आत गेलं," अप्पा म्हणाले. तोंड मात्र मुंज लागल्यासारखं. वर्षभर त्यांनी त्याच एका विमानावर काढलं.

पुढं रघूची पत्रं विमानानं यायला लागली. सिंगापुराहून कलकत्त्यापर्यंत विमान, तिथून मद्रासला मेल, मद्रासहून रात्रीच्या गाडीनं इकडं. पत्र आलं की अप्पा आधी शिक्का बघायचे, मग मजकूर. "सहा दिवस! या खेपेला अर्ध्या दिवसानं कमी." यमुना दाराआड उभी. तिला मजकूर हवा असायचा, अप्पा शिक्क्यावरच रेंगाळायचे. शेवटी मीच भिंतीवरून म्हणायची, "अप्पा, त्या पोरीचा नवरा शिक्क्यात नाही, आत आहे."

इथपर्यंत हसायचं होतं. यापुढचं ऐका.

माझा भाऊ नारायणराव, मी त्याला अण्णा म्हणते, त्याची मुलगी कमळी. लग्न ठरलं तंजावरच्या चांगल्या घरात. मुलगा देखणा, वकिलाच्या हाताखाली काम करणारा. कमळीनं त्याला खिडकीतून पाहिला होता आणि दोन दिवस जेवताना भात कुठं, ताक कुठं, तिला समजत नव्हतं. मांडव पडला. वऱ्हाड येऊन उतरलं. उद्या सकाळी देवक बसणार, परवा लग्न.

त्याच दिवशी दुपारी अप्पा हातात पत्र घेऊन मांडवात आले. आमच्या भाऊबंदांतला एक म्हातारा, अप्पांचा आणि अण्णाचा चुलत-चुलता, सिंगापुरातच मुलाकडं राहत होता. तो वारला होता. रघूनं त्याच दिवशी पत्र टाकलं होतं. ते सातव्या दिवशी आलं.

शास्त्रीबोवांनी पत्र ऐकलं आणि म्हणाले, "हरकत नाही. समुद्रापलीकडचं. देशांतर. सगळ्यांनी एक अंघोळ करा, संपलं. देवक बसू दे."

"देशांतर कसं?" अप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"देशांतर कशाला म्हणतात, शास्त्रीबोवा? जिथली बातमी दहा दिवसांत पोचत नाही ते. तुम्हीच शिकवता ना? ही सात दिवसांत पोचली. बोटीच्या काळात सिंगापूर देशांतर होतं. विमानाच्या काळात नाही. सुतकाचे तीन दिवस उरलेत."

"मग तार तर एका दिवसात येते! तारेनं सगळं जग सुतकात घालाल!"

"तार कुणाच्या हातची? कोण ठोकतो, अंघोळ करून ठोकतो की पारोसा, कुणाला ठाऊक? तार धरू नये, हेही तुमचंच. हे मात्र रघूच्या हातचं अक्षर आहे. माझ्या सगोत्राचं."

शास्त्रीबोवांनी मान खाली घातली. भर मांडवात, व्याह्यांसमोर, त्यांच्याच पोथीनं त्यांना अडवलं होतं. अण्णा हात जोडून म्हणाला, "अप्पा, एकदा देवक बसलं की सुतक आड येत नाही. उद्या सकाळपर्यंतचा प्रश्न आहे. हे पत्र उद्या आलं असं म्हणा. एक दिवस कमरेला बांधून ठेवा."

अप्पा म्हणाले, "बातमी पोचली ती पोचली, नारायणा. ती कमरेला बांधता येत नाही."

लग्न थांबलं. पुढं मार्गळी लागली, म्हणजे आपला धनुर्मास. त्यात लग्नं नाहीत. महिनाभरात तंजावरच्या लोकांना मुलगी अपशकुनी वाटायला लागली, आणि त्यांनी दुसरीकडं जमवलं. कमळीला पुढच्या वर्षी तिरुप्पनंदाळला दिली, दोन मुलांच्या बिजवराला. जाताना ती अप्पांच्या पाया पडायला गेली नाही. मीही कितीतरी दिवस भिंतीपाशी बसले नाही. एक दिवस, हो. एक दिवस गप्प बसता आलं नसतं या माणसाला?

अप्पांना मात्र आपण जिंकलो असंच वाटत होतं. दोनचार दिवसांनी भिंतीवरून आवाज आला, "चंपू, गणित बरोबर होतं ना?"

मी चिंचोके मांडून पाहिले होते. बरोबर होतं. तरी मी ते डब्यात भरले आणि आत निघून गेले.

मग लढाई आली. रघूनं लिहिलं होतं की घर मिळालंय, तई महिन्यात, मार्गळी संपली की, यमुनेला बोटीत बसवा. तिची ट्रंक भरून झाली होती. वर लोणच्याची बरणी चिंधीत बांधून ठेवलेली. बोटी बंद झाल्या. मग पत्रं बंद झाली. मग एक दिवस शास्त्रीबोवा वर्तमानपत्र घेऊन आले आणि म्हणाले, "रायर, सिंगापूर पडलं."

"पडलं म्हणजे काय? जागेवरून हललं का?" अप्पा म्हणाले. "पंचेचाळीस घटका होतं, पंचेचाळीस घटकाच आहे."

साडेतीन वर्षं गेली. यमुना दर शुक्रवारी न्हाऊन, फुलं माळून, ठसठशीत कुंकू लावून दिव्याशी बसायची. संध्याकाळी अप्पांना विचारायची, "मामंजी, पत्र निघालं असेल?" अप्पा म्हणायचे, "निघालं असेल. वळशानं येतंय." तांदूळ मिळेनासा झाला, रॉकेल मिळेनासं झालं. डोक्यावरून विमानं जायला लागली, एकेका दिवशी चार चार. सगळी गल्ली बाहेर येऊन वर बघायची. अप्पा ओट्यावर घंगाळापाशी बसून असायचे, मान खाली. एकदाही वर पाहिलं नाही. कुठल्या विमानात काय असतं हे त्यांना तोवर समजलं होतं.

लढाई संपली, त्यानंतरच्या मार्गळीत एक माणूस आला.

मी पुढल्या खोलीत खिडकीशी तांदूळ निवडत होते. आमच्या खिडकीतून त्यांचा ओटा हातभर. यमुना धुणं घेऊन कावेरीवर गेली होती. माणूस तमिळ, मन्नारगुडीकडचा, हाडं वर आलेली, अंगात कुणाचा तरी मोठा सदरा. ओट्याची पायरी चढला. मी कान दिला. आता अप्पा विचारणार, कुठून आलात.

अप्पांनी विचारलं नाही. त्याच्याकडं बघत राहिले.

तोच बोलला. रघूच्या खोलीत राहायचा. दोघांनाही जपान्यांनी धरून सयामच्या जंगलात रेल्वेच्या कामाला नेलं. तिथं पावसाळ्यात ताप आला. औषध नाही, तांदूळ नाही. अडीच वर्षं होत आली. "मीच अग्नी दिला, रायर," तो म्हणाला. "लाकडं ओली होती. पण जमेल तेवढं केलं. नाव घेऊन केलं." आणि सदऱ्याच्या आतून त्यानं रघूचा चष्मा काढला. एक काच होती, एक नव्हती.

अप्पांनी चष्मा घेतला. धोतराच्या टोकात गुंडाळला आणि कमरेला खोचला.

"आणखी कुणाला बोललात?"

"पलीकडं शास्त्र्यांच्या घरी तुमचा पत्ता विचारला. सिंगापुराहून आलो, रघुनाथबरोबर होतो, एवढं म्हणालो."

"मग आता कॉफी घ्या, आणि दुपारच्या गाडीनं जा. गाडी सुटायला तीन घटका आहेत." आवाज अगदी नेहमीचा. स्वतः आत जाऊन कॉफी करून आणली. साखर घालायला विसरले. तो माणूस तशीच प्याला.

तो गेल्यावर मागच्या भिंतीवरून हाक आली, "चंपू, थोडे काळे तीळ आहेत का?"

"तीळ? कशाला?"

"खोकला आलाय."

ते खोकले नव्हते. मी पानावर तीळ दिले. 

आमची विहीर सामाईक. मी दाराच्या फटीतून पाहिलं. अप्पांनी अंगावरच्या धोतरानिशी, उपरण्यानिशी डोक्यावरून घागर ओतून घेतली. दुसरी. तिसरी. जानवं डाव्या खांद्यावरून काढून उजव्यावर घेतलं, दक्षिणेकडं तोंड केलं, आणि ओंजळीतून तीळ-पाणी सोडलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

त्याचा हिशेब मला शिकवायला नको. वर्ष उलटल्यावर बातमी आली तर बापाला मुलाचं सुतक नाही. वस्त्रांसकट एक अंघोळ, एक ओंजळ पाणी, संपलं. बायकोला मात्र बातमी कितीही वर्षांनी येऊ दे, ऐकल्यापासून दहा दिवस पुरते. आणि दहाव्या दिवशी बांगड्या, कुंकू, आणि न्हावी. मी त्या पाटावर बसलेले आहे. मला त्या वस्तऱ्याचा थंडपणा अजून आठवतो. तेव्हा यमुना चोवीस वर्षांची होती आणि तिचे केस गुडघ्याला लागायचे.

ती धुणं घेऊन आली. "मामंजी, हे काय? परत अंघोळ?"

"उकडलं."

"मार्गळीत?"

"मला उकडलं," अप्पा म्हणाले आणि ओल्या कपड्यांनीच घंगाळापाशी जाऊन बसले.

तिसऱ्या प्रहरी शास्त्रीबोवा आणि अण्णा आले. यमुना आतल्या दाराआड. मी खिडकीत, सूप मांडीवर.

"रायर," शास्त्रीबोवा म्हणाले, "सिंगापुराहून माणूस आला होता म्हणे."

"आला होता."

"रघूबरोबर होता म्हणाला. मग रघूचं काय?"

"ऐकीव सांगत होता काहीतरी."

"काय ऐकीव?"

"देशांतरातलं काय धरायचं, शास्त्रीबोवा?"

अण्णा उठलाच. सात वर्षं आत कोंडलेलं एकदम बाहेर आलं. "देशांतर? सिंगापूर देशांतर? पंचेचाळीस घटका कुठं गेल्या, अप्पा? माझ्या कमळीच्या लग्नात सिंगापूर कावेरीच्या पलीकडल्या घाटावर होतं! तिथला म्हातारा मेला तर माझ्या मांडवाला सुतक! आणि आज तुमच्या घरावर आलं तेव्हा देशांतर?"

 घंगाळातली वाटी बुडाली. पहिल्यांदाच कुणी "घटका" म्हणालं नाही.

मग अप्पा म्हणाले, "तेव्हा माझं गणित चुकलं होतं."

अण्णाला ऐकू आलं की नाही कोण जाणे. "काय?"

"चुकलं होतं, नारायणा. शास्त्रीबोवांचं बरोबर होतं. एक अंघोळ पुरली असती. कमळीचं लग्न मी उगाच मोडलं. दोष माझा. पण सिंगापूर लांब आहे."

शास्त्रीबोवा हे ऐकायला सात वर्षं थांबले होते. मांडवात, व्याह्यांसमोर खाली घातलेली मान त्यांनी त्या दिवशी वर केली. पुढं सरकले, अगदी अप्पांच्या तोंडासमोर, आणि एकेक शब्द तोलून विचारलं, "लांब म्हणजे किती, रायर?"

अप्पांचा हात सवयीनं छातीशी गेला, जानवं चाचपायला. गणित करताना ते नेहमी जानव्याची गाठ बोटांत धरायचे. हात डावीकडून शोधत गेला आणि उजवीकडं थांबला. जानवं अजून उजव्या खांद्यावरच होतं. मेलेल्यांना पाणी देताना असतं तसं. ते सरळ करायचं राहून गेलं होतं.

शास्त्रीबोवांनी ते पाहिलं. ओलं धोतर पाहिलं. पायाला चिकटलेले दोन काळे तीळ पाहिले. अण्णा रागानं पाठ फिरवून उभा होता, त्याला यातलं काही दिसलं नाही.

"पुष्कळ," अप्पा म्हणाले.

 शास्त्रीबोवा मागं वळून, आतल्या दाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी तेव्हापासून सांगतोय, सिंगापूर देशांतरच. खात्रीची बातमी नाही तोवर बारा वर्षं वाट पाहायची, असं शास्त्र आहे. बारा वर्षं या घरात कुणी कुणाच्या कुंकवाची चौकशी करायची नाही. चल, नारायणा."

अण्णा तणतणत पायऱ्या उतरला. शास्त्रीबोवा मागं राहिले, वाकून चपला घालता घालता पुटपुटले, "रायर, जानवं सरळ करा."

अण्णा मरेपर्यंत अप्पांशी बोलला नाही. मी त्याला सांगितलं असतं तर बोलला असता. पण ते यमुनेच्या जिवावर झालं असतं. आता ती सगळी माणसं गेली. यमुनाही गेली, बारा वर्षं पुरी व्हायच्या आत, विषमज्वरानं, कपाळावर कुंकू असतानाच. कमळी आहे तिरुप्पनंदाळला. हे लिहून झालं की तिला वाचून दाखवणार आहे. अप्पांचं गणित चुकलं नव्हतं, आणि तरी त्यांनी तिच्या बापाची माफी मागितली होती, हे तिला कळायला हवं.

त्या दिवसानंतर अप्पांनी कुणाला कुठून आलात विचारलं नाही. मीनाचीची पाटी मुकाट्यानं उतरवून द्यायचे. एक दिवस तीच म्हणाली, "रायरे, आज किती पळं?" अप्पा म्हणाले, "ऊन फार आहे. बस जरा."

त्या दिवसानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी यमुना नेहमीसारखी भिंतीपाशी आली. न्हायलेली, केसांत अबोलीचा गजरा. कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मी चिंचोके गोळा करत होते.

"अक्का, तुम्हाला मामंजींची सगळी गणितं येतात ना?"

"का गं?"

"ते परवा म्हणाले, सिंगापूर लांब आहे. आजवर कधी म्हणाले नव्हते." ती माझ्या तोंडाकडं बघत होती. हसत नव्हती, रडतही नव्हती. "तुम्ही सांगा. लांब म्हणजे किती?"

पंचेचाळीस माझ्या जिभेवर होते.

म्हटलं, "मला कुठं येतंय गं गणित? गजरा सरळ कर तो, सुटतोय."